न पिणारा ड्रायव्हर

१

वडीगोद्रीहून अंबडकडं येताना रस्त्याच्या कडेला एक जुनी बाभळ लागते. चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात, दिवस मावळायच्या जरा आधी, भुजंगरावांची जीप त्या बाभळीला नाक लावून उभी होती. स्टेअरिंगवर डोकं टेकून कडूबा खरात बसला होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दमलाय बिचारा, जरा टेकलाय. जवळ गेलं की वास यायचा. द्राक्षाच्या दारूचा, गोड आणि आंबूस.

बाकीचे तिघं खाली धुळीत बसले होते. जीपचे मालक भुजंगराव, नवीन जालन्यातले सरकीचे व्यापारी. त्यांचा मेहुणा मच्छिंद्र, ज्याच्या द्राक्षाच्या मळ्यातून सगळे निघाले होते. आणि बँकेचे रामकिसन साहेब, ज्यांच्या खातिरीसाठी मळ्यातली बैठक ठरली होती. तिघांना खरचटलं होतं. मेला तो एकटा कडूबा.

भुजंगरावांची जबानी सरळ होती. "आम्ही पिणार होतो म्हणूनच तर न पिणारा ड्रायव्हर रोजानं नेला. त्यानं आमच्या नकळत मारली अन् गाडी झाडावर घातली. आम्हाला काय ठाऊक?"

खरंच होतं ते. जालन्यात कुणाची बैठक ठरली की आधी कडूबाला निरोप जायचा. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यानं दारूला हात लावला नव्हता, आणि पिणाऱ्यांना न पिणारा माणूस किती लागतो हे पिणाऱ्यांनाच ठाऊक. ते आत बसायचे, हा बाहेर गाडीपाशी. मग एकेकाला उचलून घरी पोचवायचा, वर त्यांच्या बायकांच्या शिव्याही ऐकून घ्यायचा.

वस्तीत बातमी आली तेव्हा पुष्कळजण हळहळले अन् दोघंतिघं हसले. हसणाऱ्यांना कडूबानं कधी ना कधी नालीतून उचललेलं होतं.

चांगुणाबाई, त्याची बायको, रडली नाही. मढं दारात आलं तशी ती वाकली, नवऱ्याच्या तोंडाला नाक लावलं, आणि उठून जमलेल्या माणसांकडं बघून म्हणाली,

"वास कपड्याला येऊन राह्यला. तोंडाला न्हाई."

२

विमा कंपनीनं औरंगाबादहून अप्पाराव गव्हाणेंना पाठवलं. अप्पाराव सर्व्हेअर होते. गाडीला पोचा कुठं पडला, कसा पडला, जुना की नवा, हे बघण्यात त्यांचं वय गेलं होतं. मूळचे आष्टीकडचे, बायको वारलेली, पित्ताचा त्रास, खिशात सदा बडीशेप. मॅनेजर म्हणाले होते, "पैसे न द्यायला कारण सापडलं तर बघा." अप्पारावांना हे वाक्य पाठ होतं.

चांगुणाबाईच्या घरात ते खाली बसले. बेबीनंदा, कडूबाची मुलगी, मास्तरणीचं शिकत होती. तिनं पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि पितात का ते बघत उभी राहिली. अप्पाराव प्यायले. मग ती बसली.

"भुजंगराव येऊन गेले," ती म्हणाली. "टाइप केलेला अर्ज घेऊन आल्ते. आईनं सही करायची. काय, तर माझ्या बापाला चोरून प्यायची सवय होती. सही केली तर कंपनीचे पैसे मिळतील म्हणे. हे कसं काय, साहेब?"

अप्पारावांनी बडीशेप तोंडात टाकली. "त्यांच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हर धरलेलाय. तो गाडी चालवताना गेला, लायसन बराबर असलं, अन् मालकानं जाणूनबुजून पेलेल्याच्या हाती गाडी दिली नसली, तर घरच्यांना पैसे मिळतात. मालकाला जीपचेही मिळतात."

"म्हंजे चोरून पेला असं ठरलं की मालक सुटला."

"सुटला."

"अन् आमाला पैसे."

"हो."

"अन् बाप पेलाच नव्हता असं ठरलं तर?"

"तर मग धड शुद्धीतला माणूस दिवसाउजेडी झाडावर कसा गेला, ते कुणीतरी सांगावं लागंल."

चांगुणाबाई इतका वेळ भिंतीला टेकून होती. ती म्हणाली, "साहेब, पैसे मला नको असं मी म्हणत न्हाई. पोरीचं शिक्षण अर्ध्यावर हाय. पर त्या मानसानं जलमभर येकच गोष्ट सांभाळली. तीच काढून घेऊन तिचे पैसे करायचे, हे मला जमना. तुमाला खरं काय ते सापडलं तर पैल्यांदा मला सांगा. मंग मी सहीचं बघते."

तिनं एक गाठोडं सोडलं. पोलिसांनी परत दिलेले कपडे. तिनं धुतले नव्हते.

अप्पारावांनी सदरा जमिनीवर पसरला. डाग छातीवर नव्हताच फारसा. सगळी पाठ लालसर कडक झाली होती. खिशात बोट घातलं तर ओलसर, चिकट काहीतरी लागलं. द्राक्षाच्या साली. आणि मानेखाली, पाठीवर, कापडाला एक भोक. आतून बाहेर ओढल्यासारखं.

"बेबीनंदा," ते म्हणाले, "पिणारा माणूस पाठीवर कसा सांडतो, हे तू कधी बघितलंस?"

३

जीप भुजंगरावांच्या सरकीच्या गोदामात ओढून आणलेली होती. मिलिटरीच्या लिलावातली, जुनी, हिरव्या रंगावर निळा रंग मारलेली. अप्पाराव डावीकडून चढून स्टेअरिंगमागं बसले, उतरले, पुढचा पोचा बघितला.

भुजंगराव गादीवर तक्क्याला टेकून होते. दर दोन शब्दांनी त्यांना थांबायला लागत होतं.

"बरगडीला लागलं वाटतं," अप्पाराव म्हणाले.

"लागलं जरा. मागच्या सीटवर होतो. आदळलो."

"मागं तिघं बसला होता?"

"तिघं. पुढं एकटा तो. साहेब, मी तुम्हाला सांगतो, चांगला माणूस होता. पण समोर भरलेलं भांडं असलं की माणसाचा काय भरवसा. मी कधी त्याला प्यायला लावलं न्हाई. साक्षीला रामकिसन साहेब आहेत."

"मग बाईंकडून सही कशाला घेऊन राह्यले?"

"त्यांच्याच भल्यासाठी." भुजंगरावांनी डोळे मिटले. "मागं एकदा माझ्या हातून एका बैलगाडीला धक्का लागला. तुमच्याच कंपनीनं लिहिलं, पिऊन चालवत होता, काही मिळणार न्हाई. तेव्हापास्नं मी कडूबाला नेतो. मी नियमानं वागलो, अप्पाराव. नियमानं वागून मला काय मिळालं?"

ते असं बोलत होते जसा काही कडूबा मरून त्यांनाच फसवून गेला. पण डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. अप्पारावांना तीच गोष्ट खटकली. खोटं बोलणारे त्यांनी ढिगानं बघितले होते. खोटं बोलताना खरं रडणारे थोडे.

४

रामकिसन साहेब बँकेत फायलीआड बसले होते. हाताला पट्टी. आवाज इतका हळू की अप्पारावांनी खुर्ची पुढं ओढली.

"माझी बदली झाली तरी चालेल, नोकरी राहू द्या," ते आधीच म्हणाले.

"मी तुमच्या नोकरीसाठी न्हाई आलो. कडूबा कुठं होता, तुम्ही प्यायला बसला तेव्हा?"

"झाडाखाली. दुर्गाबाईंनी, मच्छिंद्रच्या मंडळींनी, त्याला जेवायला वाढलं होतं. मी म्हणालो, ये रे बस, तर हसला. म्हणाला, साहेब, मी बसलो तर तुमाला उठवंल कोन?"

"अन् निघताना?"

रामकिसन साहेब पाणी प्यायले. "मला फार काही आठवत नाही. मी मागं होतो. मच्छिंद्रचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तो सारखा ओकत होता, मी त्याला धरून—" ते थांबले. "म्हणजे पिऊन. पिऊन ओकत होता."

"मागं जीपच्या बाकावर मच्छिंद्र आडवा होता."

"हो."

"अन् भुजंगराव?"

"तेही मागंच."

"आडव्या माणसाच्या अंगावर बसले होते का?"

रामकिसन साहेब फायलीकडं बघत राहिले. शिपायानं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, तरी बघतच होते. शेवटी इतकंच म्हणाले, "अप्पासाहेब, मी त्या माणसाचे पाय धरले असते. पण पाय धरायला तो राह्यला पाहिजे ना."

५

वडीगोद्रीच्या फाट्यावर गोजरबाईचं रसवंतीचं दुकान होतं. घुंगरू लावलेला चरक, दोन बाकडी, अन् तिच्या तोंडाला खीळ म्हणून नाही.

"पोलिसाला सांगितलं मी समदं," ती म्हणाली. "पाह्यला मी डायव्हर. पार झोपेल व्हता. मुंडकं असं भाईर लोंबत व्हतं. मी म्हनलं, मेले हे आता."

"झोपलेला ड्रायव्हर मळ्यापासून फाट्यापर्यंत गाडी आणतो, बाई?"

"पेलेले आनत्यात. आमच्या घरचा झोपंत दळन आनायचा."

"जवळून बघितलं?"

"ह्या बाकड्यापास्नं. रस त्याच्या अंगावर उडाला असता इतक्या जवळून. चेहरा काळानिळा. ओळखला न्हाई मी, पर मागून समजलं, कडूबाच व्हता. बेनं गाडी तर आशी सोडून राह्यलं व्हतं की माजी कोंबडी वाचली ती मागल्या जलमाच्या पुन्यानं."

अप्पाराव बाकड्यावर बसले. रस्ता बघितला. मळ्याकडून येणारी गाडी या बाकड्याला आपली उजवी बाजू दाखवून अंबडकडं जाते.

"मुंडकं ह्या अंगाला लोंबत होतं? तुमच्याकडं?"

"मंग काय पलीकडं? ह्या अंगाला. यष्टीचा डायव्हर बसतो त्याच अंगाला."

अप्पारावांनी ग्लास खाली ठेवला. एसटीचा ड्रायव्हर उजवीकडं बसतो, ट्रकचाही. गोजरबाईनं आयुष्यभर तेच बघितलं होतं. पण भुजंगरावांची जुनी जीप मिलिटरीची होती, आणि तिचं स्टेअरिंग डावीकडं होतं. अप्पाराव स्वतः डावीकडून चढून त्याच्यामागं बसले होते.

म्हणजे गोजरबाईनं ड्रायव्हर बघितलाच नव्हता. तिनं शेजारच्या जागेवर टाकलेला, काळानिळा पडलेला कडूबा बघितला होता. बाभळ अजून पुढं होती.

"काय झालं, साहेब?" गोजरबाईनं विचारलं. "रस आंबट हाय का?"

६

मच्छिंद्रच्या मळ्यात द्राक्षाच्या वेली मांडवावर चढलेल्या. दुष्काळातही त्यानं हिकमतीनं बाग जगवली होती. फुटलेली, न विकलेली द्राक्षं दारूला जात होती, हे सगळ्या शिवाराला ठाऊक होतं आणि सरकारला नव्हतं.

दुर्गाबाईनं खाट टाकली. मच्छिंद्र दोन्ही हात अंगापासून दूर धरून, कोंबडा पंख धरतो तसा, उभा होता.

"काखेत काय झालं?"

"गाडी धडकली तवा," तो म्हणाला.

"दोन्ही काखेत?"

"दोन्ही."

"दाखवा."

मच्छिंद्रनं बायकोकडं बघितलं. दुर्गाबाई चुलीकडं वळली. त्यानं सदरा वर केला. दोन्ही काखांखाली, छातीवरून पाठीकडं गेलेला, हिरवटजांभळा पट्टा. कुणीतरी दोरानं बांधून ओढल्यासारखा.

अप्पाराव उठले. अंगणात हिंडायला लागले. वाड्याच्या मागं खळं होतं, त्यावर ज्वारीची कणसं अजून पडलेली, मळणी व्हायची होती. खळ्याच्या कडेला पेव. जमिनीत खोल उकरलेलं, तोंडाला अरुंद, पोटात रुंद. ह्या भागात ज्वारी वर्षानुवर्षं अशा पेवात राहते. तोंडावर दगड, दगडावर शेणमाती.

माती ओली होती. नुकतीच लिंपलेली. मधोमध तडकलेली, आणि त्या तड्यावर चिलटांचा थवा भिरभिरत होता.

"दुर्गाबाई," अप्पारावांनी हाक दिली, "ज्वारी अजून खळ्यावर. मग पेव कशानं भरून लिंपलंय?"

दुर्गाबाईच्या हातातली फुंकणी खाली पडली.

"अन् ज्वारीवर चिलटं कधी बसायला लागली?"

मच्छिंद्र म्हणाला, "जुनी ज्वारी हाय आत."

"असू द्या. उद्या सकाळी उघडा. तुमच्या दाजींना बोलवा. उघडून सोडून द्या, मी दुपारून येतो. पेव उघडल्या उघडल्या कुणी उतरत नसतं, हे तुम्हाला माहितीच आहे."

"माहिती हाय," मच्छिंद्र म्हणाला. "बिलकुल माहिती हाय साहेब. आमी सकाळपास्नंच उघडं ठेवलं व्हतं."

ते बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी पेवाभोवती चौघंच होते. भुजंगराव खाटेवर, मच्छिंद्र उकिडवा, दुर्गाबाई पदर तोंडाला लावून, आणि अप्पाराव. पेवाचं तोंड सकाळपासून उघडं होतं. आतून तोच वास येत होता, गोड आणि आंबूस.

"मी सांगतो, चुकलं तिथं थांबवा," अप्पाराव म्हणाले. "द्राक्षं चिरडून तुम्ही रांजणात भरली अन् रांजण पेवात ठेवले. गार जागा, अन् एक्साईजवाल्याला दिसत न्हाई. बैठकीच्या दिवशी पेव सकाळीच उघडलं. ज्वारीच्या पेवाला तेवढं पुरतं. कोंडलेली हवा निघून जाते, मग माणूस उतरतो. तुमच्या आज्या-पणज्यानं हेच केलं."

त्यांनी कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि पेवात सोडला.

"पण ज्वारी मुकाट पडून असते. आंबणारं द्राक्ष उकळत असतं. त्याचा वायू जड असतो, तो तळाला बसतो. काढला तरी परत भरतो."

कंदील हातभर गेला असेल. ज्योत बारीक झाली, निळी झाली, आणि विझली. उघड्या उन्हात, उघड्या पेवात.

दुर्गाबाईनं डोळे झाकले.

"आणखी दारू आणायला मच्छिंद्र उतरले अन् पडले. वर दोघं पेलेले. शुद्धीत गडीमाणूस एकच होता, झाडाखाली बसलेला. तो उतरला. त्यानं मच्छिंद्रच्या काखेतून दोर बांधला, तो वळ अजून आहे. तुम्ही मच्छिंद्रला ओढून घेतलं, अन् तोवर कडूबा पडला. रांजणावर, पाठीवर. म्हणून पाठ भिजलेली अन् खिशात साली. त्याला वर कसं काढलं?"

मग दुर्गाबाई म्हणाली, "गळानं. इहिरीत बादली पडली की काढतो, त्या गळानं. सदऱ्यात आडकवला."

"ते भोक मी बघितलं. मग त्याला पुढं उजवीकडं टाकलं, मच्छिंद्रला मागं रामकिसन साहेबांच्या मांडीवर, आणि अंबडच्या दवाखान्याकडं गाडी सोडली. भुजंगराव, स्टेअरिंग बरगडीत बसलं ते तुमच्या."

भुजंगराव रडत होते. आवाज न करता.

"मी अजून काय करायला पाहिजे होतं, अप्पाराव? गाडी चालवणारा एकच, अन् तोच आडवा. मी पेलेला होतो, मला दोन-दोन रस्ते दिसून राह्यले होते. तरी चालवली. त्याच्यासाठी चालवली."

"तिथपर्यंत तुम्ही बरोबर होता," अप्पाराव म्हणाले. "बाभळीनंतरचं सांगा."

"बाभळीनंतर बघितलं, तर तो गेलेला. आता म्हणलं, मी पेलेला, गाडी माझी, दारू बिगरपरवान्याची, मेहुणा जेलात जाईल, साहेबाची नोकरी जाईल. तो तर गेलाच. त्याला काय फरक पडतो. उचलून पलीकडं बसवला. कपड्याला वास होताच, आम्ही काही ओतलं न्हाई." ते थांबले. "बायकोला त्याच्या पैसेही मिळाले असते."

"असते," अप्पाराव म्हणाले. "तेच तर अवघड आहे."

मच्छिंद्र पेवाच्या तोंडाकडं बघत होता. "त्यो जीपमदी जिता व्हता का, दाजी?"

"मला माहीत न्हाई रे."

"पेवात गेला का बाभळीला गेला?"

"मला खरंच माहीत न्हाई."

८

अप्पाराव कबूल केल्याप्रमाणं पहिल्यांदा चांगुणाबाईकडं गेले. सगळं सांगितलं. बेबीनंदा दाराशी उभी राहून ऐकत होती.

"आता कायद्याचं सांगतो. तो पेवात गेला असला तर हा गाडीचा अपघातच न्हाई, कंपनीचा संबंध संपला. जीपमध्ये जिवंत होता अन् बाभळीला गेला असला, तर गाडी मालक स्वतः पिऊन चालवत होता, तरी कंपनी हात वर करणार. भुजंगरावांवर कोर्टात दावा लावता येईल. वर्षं जातील. ते वकील उभा करतील." त्यांनी घसा साफ केला. "पैसे मिळतात ते फक्त त्यांच्या खोट्यावर. खऱ्यावर न्हाई."

"तुमी काय लिवनार?"

"मी अजून काही लिहिलेलं न्हाई, बाई. पेव मला दिसलंच न्हाई असंही होऊ शकतं. मला तीन वर्षं राहिलीत नोकरीची. एवढ्या वर्षांत कंपनीचे मी पुष्कळ वाचवले. एकदा न्हाई वाचवले तर कंपनी बुडणार न्हाई."

बेबीनंदा म्हणाली, "आई, माझं शिक्षण राहू दे. मी बालवाडीत लागंन."

"तू गप." चांगुणाबाई अप्पारावांकडं वळली. "साहेब, त्यानं ज्याला काढला, त्यो मानूस बरा हाय का आता?"

"बरा आहे. हात वर होत न्हाई अजून."

"लेकरं?"

"दोन लहान."

तिनं जमिनीवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "सही केली तर त्यो दारू पिऊन मेला. तुमी लिवलं तर त्यो मानूस काढताना मेला. ह्यात मला इचारायसारखं काय हाय? लिवा."

अप्पाराव उठले. दारात त्यांना वाटलं, काहीतरी बोलावं. त्यांनी खिशात हात घातला. बडीशेप संपली होती.

"येक करा," चांगुणाबाई मागून म्हणाली. "कंपनीच्या कागदात लिवलेलं हितं कोनी वाचत न्हाई. ज्याला काढला त्याला सांगा, हितं येऊन बोल म्हनावं. आमच्या मानसात."

९

रिपोर्ट गेला. मॅनेजरनी अप्पारावांची पाठ थोपटली, दोन्ही दावे फेटाळायला भक्कम कारण मिळालं म्हणून. भुजंगरावांवर आणि मच्छिंद्रवर खटले झाले, जामीन झाले, तारखा पडल्या. पेव पोलिसांनी फोडलं. रामकिसन साहेबांची बदली परतूरला झाली, नोकरी राहिली.

मच्छिंद्र आला तो एका रविवारी, विहारात वंदनेला माणसं जमली होती तेव्हा. बरोबर दुर्गाबाई. दाराबाहेर दोघं चपला काढून उभे राहिले. त्यांच्या घरातलं कुणी ह्या वस्तीत आजवर आलं नव्हतं. माणसं गप्प झाली. कुणी या म्हणेना, कुणी जा म्हणेना.

"आत येऊ का?" मच्छिंद्रनं विचारलं.

चांगुणाबाई पुढं बसली होती. तिनं मान वळवली नाही. "त्यो खाली उतरला तवा त्यानं इचारलं व्हतं का, येऊ का म्हनून?"

ते आत आले. मच्छिंद्र उभा राहून बोलला. बोलता येत नव्हतं त्याला नीट. पेव, रांजण, आपण कसे पडलो, कडूबा कसा उतरला, नंतर कसं खोटं ठरलं, सगळं उलटसुलट सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "कडूबानं दारूचा थेंब घेतला न्हाई. पेलेलो आमी व्हतो. मेला त्यो." त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी एक जण खांबाआड बसला होता, त्यानं डोळ्याला उपरणं लावलं.

चांगुणाबाई उठली आणि मच्छिंद्रसमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत हे एकच तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि अप्पारावांनाही ते विचारायचं सुचलं नव्हतं.

"खाली काय बोलला का त्यो?"

"मला सुद नव्हती, वहिनी. वरून हिनं ऐकलं."

दुर्गाबाईनं पदर घट्ट धरला. "दोर बांदला, अन् म्हनले, बराबर बांदलाय, ओढा."

"मंग?"

"आमी ह्यांना ओढलं. दोर सोडला अन् परत खाली टाकला."

"मंग?"

"हाका मारल्या, वहिनी. दोर हलवून राह्यले मी. बोंबलून सांगत व्हते, धरा, धरा." दुर्गाबाई खाली बसली. "धरला न्हाई त्यांनी."

चांगुणाबाई तिच्याशेजारी बसली. आणि पहिल्यांदा, सगळ्या माणसांत, मोठ्यानं रडली.